व्हिममध्ये फाईल उघडली की दर वेळी 'स्वॅप फाईल सापडली' कामून येतं?

लक्षण नेहमीचं आहे. व्हिम या लिनक्सच्या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये काहीतरी लिहीत होता, मधेच लाईट गेली. दुसऱ्या दिवशी तीच फाईल उघडायला जावं तर आधी इंग्रजीतला भलामोठा मजकूर समोर येतो. वर ई३२५ आणि 'अटेन्शन', खाली एका ओळीत पर्यायांची अक्षरं: ओ, ई, आर, डी, क्यू, ए. घाईत ई दाबायचं, फाईल उघडते, काम चालू. उद्या पुन्हा तोच मजकूर, परवा पुन्हा. मग कोणीतरी सांगतं, सेटिंगमध्ये 'नोस्वॅपफाईल' टाक, कटकट मिटेल. कटकट मिटते खरी, पण पुढच्या वेळी लाईट गेली की लिहिलेलंही मिटतं.

परभणी, हिंगोली, नांदेडकडची लिनक्स शिकणारी पोरं मला जे विचारतात त्यात हा प्रश्न सगळ्यात वर आहे. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वारं सुटलं की तर विचारूच नका. खोलीवर जुना असेंबल केलेला पीसी, त्यावर मिंट नाहीतर उबंटू, आणि यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली. पण सगळा दोष लाईटवर ढकलू नका. संभाजीनगरच्या ज्या खोलीत इन्व्हर्टर आहे तिथूनही हाच प्रश्न येतो, आणि तिथलं कारण वेगळं असतं.

वाचण्याआधी एक सांगतो. खाली कमांड आणि कळा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टाईप करताना इंग्रजी अक्षरंच वापरायची. उदाहरणातल्या फाईलचं नाव मात्र 'भाव' असं देवनागरीतच ठेवलंय, बाजार समितीचे सोयाबीनचे दर लिहून ठेवलेली साधी फाईल. लिनक्सला असं नाव चालतं.

हा मजकूर म्हणजे बिघाड नाही

दुकानदाराची कच्ची वही आणि पक्की वही असते, तसं व्हिमचं चालतं. तुम्ही जतन करता ती फाईल पक्की. टाईप करत असताना व्हिम शेजारी एक कच्ची फाईल लिहीत राहतं, तीच स्वॅप फाईल. दर २०० अक्षरांनंतर किंवा तुम्ही ४ सेकंद हात थांबवलात की ती ताजी होते. 'भाव' फाईलची स्वॅप '.भाव.एसडब्ल्यूपी' या नावाने त्याच फोल्डरमध्ये असते. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्यामुळे साध्या 'एलएस'मध्ये ती दिसत नाही, 'एलएस -ए' केलं की दिसते.

व्हिममधून नीट बाहेर पडलात की ही फाईल व्हिम स्वतःच पुसून टाकतं. लाईट गेली तर पुसायला कोणी उरत नाही, ती पडून राहते. पुढच्या वेळी फाईल उघडताना व्हिमला ती सापडते आणि ते विचारतं की मागच्या वेळी काम अर्धवट राहिलं होतं का, की ही फाईल आत्ता दुसरीकडे कुठे उघडी आहे? ई३२५ म्हणजे एवढाच प्रश्न.

ही सोय व्हिमनेच काढली असंही नाही. बिल जॉयने १९७६ साली बर्कलीत व्हिमचा पूर्वज व्हीआय लिहायला घेतला, त्या जुन्या व्हीआयमध्येही यंत्र बंद पडलं तर फाईल परत मिळवायचा '-आर' पर्याय होता. १९९१ साली ब्रॅम मूलेनारने व्हिम आणला, त्यातही तोच '-आर' आहे.

ई दाबल्यावर नक्की काय होतं

ई म्हणजे 'असू दे, तरीही उघड'. शेवटची जतन केलेली फाईल उघडते. लाईट जाण्याआधी लिहिलेलं आणि जतन न केलेलं सगळं कच्च्या फाईलमध्येच राहतं. या नव्या कामासाठी व्हिम दुसरी स्वॅप काढतं, तिचं नाव शेवटी 'एसडब्ल्यूओ'. काम संपवून बाहेर पडलात की ही दुसरी पुसली जाते, पहिली तशीच राहते. म्हणून उद्या पुन्हा तोच मजकूर. महिनाभर ई दाबत राहिलात तरी तो जाणार नाही, कारण ज्या फाईलमुळे तो येतो तिला तुम्ही हातच लावलेला नाही.

यात एक खरा धोका आहे. समजा आठ दिवस ई दाबून तुम्ही फाईलमध्ये बरीच भर घातली. नवव्या दिवशी कोणाच्या तरी सांगण्यावरून आर दाबलं. आता समोर येईल तो आठ दिवसांपूर्वीचा मजकूर. तो तसाच जतन केला तर मधलं सगळं काम गेलं. असं होऊ नये म्हणून व्हिम त्या मजकुरात 'न्यूअर दॅन स्वॅप फाईल' असा इशारा देतं, म्हणजे तुमची फाईल स्वॅपपेक्षा नवी आहे. तो दिसला तर आर दाबायला हरकत नाही, पण जे येईल ते आधी वेगळ्या नावाने ठेवा.

सगळं न वाचता दोन ओळी वाचा

तो मजकूर लांबलचक आहे, नवख्याने पूर्ण वाचावा अशी माझी अपेक्षा नाही. दोनच ओळी शोधा. एक 'मॉडिफाइड', तिच्यापुढे येस किंवा नो असतं. दुसरी 'प्रोसेस आयडी', तिच्यापुढे एक आकडा असतो आणि कधी कधी कंसात 'स्टिल रनिंग'.

मागच्या उन्हाळ्यात गंगाखेडच्या एका विद्यार्थिनीने मोबाईलवर पडद्याचा फोटो पाठवला होता. बोलणं साधारण असं झालं.

'सर, लाईट गेल्ती. आता हे आलंय. ई दाबू का?'

'थांब. प्रोसेस आयडीच्या ओळीत आकड्यापुढं कंसात काही हाय का?'

'नाही सर, नुसता आकडा हाय.'

'आणि मॉडिफाइडपुढं?'

'येस.'

'मग आर दाब. घाबरू नको, त्यानं काही पुसलं जात नाही.'

इतकंच बघायचं असतं. कंसात काही नसेल आणि मॉडिफाइड येस असेल, तर कच्च्या फाईलमध्ये तुमचा जतन न केलेला मजकूर आहे, तो परत घ्या. मॉडिफाइड नो असेल तर परत घेण्यासारखं काही नाही, सरळ डी दाबा, स्वॅप पुसली जाईल, विषय संपला. कंसात 'स्टिल रनिंग' असेल तर आर नाही, ई तर मुळीच नाही. क्यू दाबून बाहेर या. असं असताना व्हिम डीचा पर्याय दाखवतच नाही, यावरूनही ओळखता येतं.

मजकूर परत घेताना

आर दाबल्यावर 'रिकव्हरी कम्प्लिटेड' असं काहीसं येतं, एंटर दाबा. मजकूर समोर आला की खालपर्यंत नजर टाका. शेवटच्या काही सेकंदांत टाईप केलेलं गेलेलं असू शकतं, बाकी सगळं असतं.

आता हे मूळ फाईलवर लगेच जतन करू नका. एस्केप दाबून ':डब्ल्यू भाव-नवा' लिहा आणि एंटर. परत मिळालेला मजकूर वेगळ्या फाईलमध्ये गेला. मग ':क्यू!' करून बाहेर या. इथे उद्गारचिन्ह लागतंच, कारण व्हिमच्या हिशोबाने मूळ 'भाव' अजून जतन झालेली नाही. टर्मिनलवर 'डिफ भाव भाव-नवा' करा. ज्या ओळींच्या सुरुवातीला उजवीकडे टोक असलेला बाण दिसेल त्या नव्या फाईलमधल्या, डावीकडे टोक असेल त्या जुन्या फाईलमधल्या. नवीच बरोबर असेल तर 'एमव्ही भाव-नवा भाव'.

आणि आता ती पायरी, जी बहुतेक जण विसरतात: 'आरएम .भाव.एसडब्ल्यूपी'. मजकूर परत मिळाला तरी व्हिम जुनी स्वॅप आपणहून पुसत नाही. तुम्ही नीट तपासलंय की नाही हे त्याला कळायला मार्ग नाही, म्हणून ते काम ते तुमच्यावर सोडतं. आर दाबूनही दुसऱ्या दिवशी तोच मजकूर येतो, अशी तक्रार करणाऱ्यांचं इथंच राहिलेलं असतं.

कोणत्या फाईलची स्वॅप पडून आहे हेच आठवत नसेल तर त्या फोल्डरमध्ये जाऊन नुसतं 'व्हिम -आर' चालवा. फाईल न देता दिलेली ही कमांड काही उघडत नाही, पडून असलेल्या स्वॅपची यादी देते.

'स्टिल रनिंग' आलं तर

याचा अर्थ तीच फाईल आत्ता दुसऱ्या व्हिममध्ये उघडी आहे. दुसऱ्या टॅबमध्ये असेल तर सोपं. पण निम्म्याहून जास्त वेळा पोरं छातीठोक सांगतात, 'नाही, मी बंद केलंय'. तिथं गुन्हेगार एकच, कंट्रोल-झेड.

वर्डमध्ये कंट्रोल-झेड म्हणजे चूक मागे घेणं, हाताला तीच सवय. व्हिममध्ये ती दाबली की व्हिम मागे जाऊन थांबून राहतं आणि समोर टर्मिनल येतं. खाली 'स्टॉप्ड' अशी ओळ येते, ती कोण बघतंय? उलट बरं वाटतं की एकदाचं सुटलो त्यातून. मग पुन्हा 'व्हिम भाव', आणि ई३२५.

क्यू दाबून बाहेर या. 'जॉब्स' लिहून एंटर करा, थांबलेली व्हिम दिसतील. 'एफजी' केलं की शेवटचं परत समोर येतं, जिथे होतात तिथेच. दोन-तीन थांबलेली असतील तर 'एफजी %२' असं क्रमांकाने बोलवा. प्रत्येकातून नीट बाहेर पडा, मजकूर यायचा थांबेल. आणि चूक मागे घ्यायला व्हिममध्ये एस्केप, मग यू.

लाईट न जाताही स्वॅप राहते ती अशी

इन्व्हर्टर असलेल्या खोलीतलं कारण हे. व्हिम उघडं असताना, त्यात जतन न केलेले बदल असताना, टर्मिनलची खिडकी वरच्या फुलीने बंद केली तर व्हिम जाता जाता स्वॅप राखून ठेवतं. तुमच्या भल्यासाठीच. पण प्रश्न असा की माणूस खिडकी बंद का करतो? कारण तो आत अडकलेला असतो. अडकण्याची कारणं निस्तरली की स्वॅपची तक्रार आपोआप निम्मी होते.

त्यातलं पहिलं कंट्रोल-एस. जतन करायचं म्हणून दाबलं आणि पडदा गोठला. कुठलीही कळ चालेना. संगणक हँग झाला असं वाटून खिडकी बंद. खरं तर हे व्हिमने केलेलं नसतं, टर्मिनलने केलेलं असतं. टेलिटाईपच्या काळापासून कंट्रोल-एस म्हणजे 'थांब' आणि कंट्रोल-क्यू म्हणजे 'चालू कर'. तेव्हा कंट्रोल-क्यू दाबा, पडदा हलतो. मधल्या वेळात वैतागून जे जे बडवलं असेल ते सगळं एकदम लागू होतं हे मात्र ध्यानात ठेवा. यू दाबून मागे घेता येईल. कायमचं बंद करायचं असेल तर घरच्या (होम) फोल्डरमधल्या '.बॅशआरसी' फाईलच्या शेवटी 'एसटीटीवाय -इक्सऑन' ही ओळ टाका.

दुसरं कारण खास आपलं, मराठीत टाईप करणाऱ्यांचं, आणि इंग्रजीतल्या मदतीत ते सहसा सापडत नाही. इन्स्क्रिप्ट कळपाटावर मराठी ओळी लिहिल्या, एस्केप दाबलं, आणि बाहेर पडायला कोलन आणि क्यू दाबलं. पण कळपाट अजून मराठीच आहे. कोलनच्या कळीवर छ आहे, क्यूच्या कळीवर औकाराची मात्रा. व्हिमला छ ही कमांड माहीत नाही, ते गप्प बसतं. आय दाबून लिहायला जावं तर तिथं ग. माणूस म्हणतो व्हिम बिघडलं. एस्केप दाबल्यावर आधी कळपाट इंग्रजी करायचा, मगच कमांड, ही सवय लावा. उबंटूमध्ये सुपर कळ आणि स्पेस एकत्र दाबली की कळपाट बदलतो, मिंटमध्ये खालच्या पट्टीवरच्या भाषेच्या खुणेवर क्लिक करा. व्हिमला हे कायमचं शिकवायला 'लँगमॅप' नावाची सेटिंग आहे, पण नवख्याने त्या फंदात पडू नये असं माझं मत आहे.

कॅप्स लॉक चालू राहिलं तरी असाच घोळ होतो. खाली जायला 'जे' ही कळ दाबावी तर दोन ओळी एकमेकींना चिकटतात, कारण मोठ्या जेचं काम तेच. आणि बाहेर पडायला नुसतं क्यू दाबणारे बरेच. त्याने व्हिम बाहेर पडत नाही, पुढचं अक्षर दाबलं की कळांची नोंद सुरू होते आणि खाली 'रेकॉर्डिंग' येतं. पुन्हा एकदा क्यू दाबलं की थांबतं.

इन्सर्टमध्ये, म्हणजे मजकूर टाईप करायच्या अवस्थेत असताना बाणाच्या कळा दाबल्या की ए, बी, सी, डी उमटत असतील तर तुमच्याकडे व्हिमची छोटी आवृत्ती आहे, डेबियन-उबंटूवर तीच आधीपासून असते. 'सुडो एपीटी इन्स्टॉल व्हिम' करून पूर्ण आवृत्ती घ्या.

अडकल्याचं ओझं मनावर घेऊ नका. २०१७ साली स्टॅक ओव्हरफ्लोने जाहीर केलं होतं की व्हिममधून बाहेर कसं पडायचं या प्रश्नाचं पान दहा लाखांहून जास्त जणांनी पाहिलंय. एस्केप, ':क्यू!', एंटर: बदल टाकून बाहेर. एस्केप, ':डब्ल्यूक्यू', एंटर: जतन करून बाहेर. सुरुवातीला एवढं पुरे. पुढचं शिकायला टर्मिनलवर 'व्हिमट्युटर' लिहा, अर्ध्या तासाचा धडा आहे, आणि तो शिकवायला कुठल्या क्लासची फी लागत नाही.

मग नॅनोच का वापरू नये?

वापरा की. नॅनो म्हणजे टर्मिनलमधलाच दुसरा, सोपा एडिटर. एखादी सेटिंगची ओळ बदलायची असेल तर मीही नॅनोच उघडतो. त्याच्या पडद्यावर खाली लिहिलेल्या खुणांतलं टोपीसारखं चिन्ह म्हणजे कंट्रोल कळ, शिफ्ट आणि सहा दाबून ते चिन्ह टाईप करायचं नसतं. आणि 'एम' म्हणजे ऑल्ट. कंट्रोल-ओ जतन, कंट्रोल-एक्स बाहेर. झालं.

पण जिथं लाईटचा भरवसा नाही तिथं तासभराचं लिखाण नॅनोत करू नका. टर्मिनलची खिडकी बंद झाली तर नॅनो जाता जाता 'भाव.सेव्ह' अशी फाईल टाकून जातं, पण वीजच गेली तर त्याला जाता जाता काही करायला वेळच मिळत नाही, आणि व्हिमसारखी चालू कच्ची नोंद ते ठेवत नाही. शेवटचं कंट्रोल-ओ जिथं दाबलं तिथपर्यंतचंच तुमचं. व्हिमची ही किचकट वाटणारी स्वॅप मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात म्हणूनच मला मोलाची वाटते.

कायमची व्यवस्था

'नोस्वॅपफाईल' टाकू नका, हे वर आलंच. त्याऐवजी सगळ्या स्वॅप एका जागी जाऊ द्या. घरच्या फोल्डरमध्ये '.व्हिम' आणि त्यात 'स्वॅप' असं फोल्डर करा: 'एमकेडीआयआर -पी ~/.व्हिम/स्वॅप'. मग '.व्हिमआरसी' फाईलमध्ये 'सेट डिरेक्टरी=~/.व्हिम/स्वॅप//' ही ओळ. शेवटचे दोन स्लॅश मुद्दाम आहेत, त्यामुळे स्वॅपच्या नावात फाईलचा पूर्ण पत्ता येतो आणि दोन वेगवेगळ्या फोल्डरमधल्या 'भाव' फाईलींची गल्लत होत नाही. फोल्डर आधी करा, ओळ नंतर. नाहीतर ई३०३ येईल, म्हणजे स्वॅप लिहायला जागाच नाही.

'.व्हिमआरसी' पहिल्यांदाच बनवत असाल तर आणखी एक गोष्ट होऊ शकते: कोडचे रंग अचानक जातील. ही फाईल दिसली की व्हिम आपल्या मूळ सेटिंग वाचायचं सोडून देतं. पहिल्या ओळीत 'रनटाईम डिफॉल्ट्स.व्हिम' लिहा, रंग परत येतील.

स्वॅप एका जागी गेल्याचा आणखी फायदा गिट (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांना. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये पडलेली स्वॅप बेफिकीरपणे गिटवर चढवलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिलीये. पासवर्ड असलेली फाईल उघडली असेल तर तो त्या स्वॅपमध्येही असतो.

आधीच जमलेला पसारा काढायचा असेल तर तो 'सेट डिरेक्टरी'ची ओळ टाकण्याआधीच काढा, कारण ती टाकल्यावर व्हिम जुन्या जागी स्वॅप शोधत नाही. त्यासाठी 'फाईंड ~ -नेम ".*.एसडब्ल्यू?"' चालवा, घरच्या फोल्डरमधल्या सगळ्या जुन्या स्वॅप दिसतील. पुसण्याआधी 'पीग्रेप व्हिम' करून बघा. काही आकडा आला तर एखादं व्हिम अजून कुठेतरी चालू आहे, आधी ते बंद करा. काही आलं नाही तर एकेक मूळ फाईल उघडा, मॉडिफाइडची ओळ बघा. नो असेल त्यांना डी, येस असेल त्यांना आर.